पांढऱ्या दगडावरचा डाग

माझे सासरे दगडावर हात चालवायचे आणि माणसांवरही. दगडावर मात्र जपून. सासर धुळ्याकडच्या पाथरवटांचं. स्वातंत्र्यानंतर बिऱ्हाड जळगावात आलं, स्टेशनाजवळ, कारण काठेवाडाकडचा पांढरा दगड रेल्वेनं तिथं उतरायचा.

आपल्याकडच्या काळ्या दगडावर तंबाखू थुंका, तेल सांडा, त्याला सोयरसुतक नसतं. पांढरा दगड भुसभुशीत. पडेल ते पितो आणि ओकत नाही. काळ्या दगडावर तांबड्या कावेत बुडवलेल्या दोरीनं रेघ मारायची, पांढऱ्यावर काव चालत नाही, टोच्यानं ओरखडा काढायचा. कापण्याआधी त्याला पोटभर पाणी पाजायचं, म्हणजे करवतीचा गंजका गाळ आत शिरत नाही. मग एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये वाळू आणि पाणी.

कापायच्या दिवशी मी केसांना तेल लावायचं नाही आणि कुंकूही नाही, घामाबरोबर ओघळेल म्हणून. जिवंत नवरा समोर करवत ओढतोय आणि मी पांढऱ्या कपाळानं! शेजारणी तोंड फिरवायच्या. "एवढंसं तरी लावू द्या," असं एकदा सासऱ्यांना म्हटलं, तर पाठीत घणाचा दांडा बसला. नवरा करवत ओढतच राहिला. त्याला काय म्हणणार? बापासमोर त्याची वाचा बसायची.

एका केळीवाल्या शेतकऱ्यानं नव्या घराच्या तुळशीवृंदावनासाठी पांढऱ्या फरश्या सांगितल्या. आम्ही कापल्या, धुतल्या, सावलीत वाळवल्या. एक ठिपका नव्हता. त्याच्या गाडीवानानं त्या गुंडाळून नेल्या, आणि आठवडा झाला नाही तोच गाडी परत दारात. फरश्यांवर तपकिरी डागच डाग. शेतकरी शिव्या देत होता. गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली फरशी परत येणं हे सासऱ्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

मी तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाची नवी पांढरी फरशी धूत होते. सासरे दांडा घेऊनच आले.

"हाई तुना डोकानं तेल शे! बठ्ठा दगड नासाडी टाका इनी!"

माझ्या डोक्याच्या तेलानं सगळा दगड नासला, असं त्यांचं म्हणणं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मी रावेरकडची, केळीत वाढलेली. तो डाग मी माझ्या बापाच्या प्रत्येक धोतरावर पाहिला होता.

"आबा, हा केयीचा चीक हाये!" मी ओरडले. "गुंडाळलं कशात ते इचारा!"

गाडीवान खाली मान घालून म्हणाला, "सोपटात." केळीच्या खोडाची ओली सोपटं. आमच्याकडे सगळं त्यातच बांधतात. चीक कपड्याला लागला तर जन्मात निघत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दगडही कपड्यासारखाच पितो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

सासऱ्यांनी ते ऐकलं. पण उगारलेला दांडा खाली यायचा तो आलाच, माझ्या कपाळावर. खरं ठरल्याचा राग असावा. रक्त नव्या फरशीवर गळायला लागलं.

नवरा धावला. त्यानं पाण्याची घागर उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यासाठी उठला, असं वाटून मी तोंड वर केलं. त्यानं घागर फरशीवर ओतली. वाकून तळहातानं रक्त चोळत राहिला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मार मी विसरले असते. ही घागर नाही विसरले.

एक हात लुळा पडला होता. दुसऱ्यानं मी बाजूला पडलेला घण ओढला, मांडीचा टेकू देऊन उचलला आणि फरशीवर घातला. नवऱ्यानं हात मागे घेतला नसता तर बोटं गेली असती, आणि मला वाईट वाटलं नसतं. फरशी दुभंगली. मी परत घातला. गाडीवरच्या फरश्याही फोडल्या. सासरे दांडा घेऊन दोन पावलं पुढं आले. मी घण त्यांच्याकडे वळवला.

"या आबा. तुम्ही पन या."

ते आले नाहीत. दांडा हळूच भिंतीला टेकवून आत गेले.

मनगट वाकडंच जुळलं, करवत पुन्हा धरता आली नाही. त्या घरात मी पुढं जन्म काढला, नवऱ्याला जेवायला वाढलं, मुलं वाढवली. हात मात्र कुणी उचलला नाही. मायेनं नव्हे, भीतीनं. मला भीती पुरली.