वळणापर्यंतचा चढ

मोरीतला नळ खोलून ठेवला होता. पाना फरशीवर, झिजलेला वायसर खिडकीत, नवा वायसर अध्यक्षांच्या तळहातावर आणि टाकीचा कॉक बंद, त्यामुळे घरात पाण्याचा थेंब नाही. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुमच्या युनियनची मीटिंग असती तर एव्हाना चार ठराव मंजूर झाले असते. एक वायसर बसेना होय?"

"वायसर बसतो गं. खाऱ्या हवेनं आटे खाल्लेत, त्याला मी काय करू? बेटावर राहायचं तर गंजाशी सोयरीक करावीच लागते."

तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता. हा मुलगा स्वतःहून कधी मामाला फोन करायचा नाही.

"मामा, आई पोचली का?"

"कुणाची आई?"

"कुणाची म्हणजे काय? माझी! अक्का तुमची! सकाळच्या बोटीनं उतरली ती. तुम्हाला सांगू नको म्हणाली, एकदम दारात जाऊन उभी राहते म्हणाली. मी इथूनच ॲपवर गाडी बुक करून दिली. आता गाडीवाला म्हणतो, वळणावर किती वेळ थांबलो, बाई आल्याच नाहीत. आणि आईचा फोन लागत नाहीये."

अध्यक्षांनी विचारलं, "छत्री होती का रे तिच्याकडे?"

"होती ना. बाबांची, मोठी, काळी. का हो मामा?"

तळहातावरचा वायसर घरंगळला, मोरीतून सरळ नालीत गेला. अध्यक्षांनी तो पकडायलाही हात हलवला नाही.

त्या काळ्या छत्रीकडे बघून सकाळी अख्खा टॅक्सी स्टँड हसला होता. आणि हसवलं होतं त्यांनीच.

अध्यक्ष हे काही त्यांचं नाव नव्हे. पण बोटीच्या धक्क्यावर त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर ते वळूनही बघणार नाहीत. टॅक्सीवाल्यांच्या युनियनचे ते इतकी वर्षं अध्यक्ष, की बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना म्हणायची, "आमचे अध्यक्ष अजून जेवले नाहीत." माणूस वाईट नव्हता. कुणा प्रवाशाची पिशवी गाडीत राहिली तर सगळी हॉटेलं पालथी घालून ती पोचवून येणारा. वादळात बोटी बंद पडल्या तेव्हा अडकलेल्या लेकुरवाळ्या बायकांना स्वतःच्या घरी आणून खिचडी घालणारा. पण खुर्ची माणसाला हळूच आपल्या मापाची करून घेते. नियम म्हणजे नियम, असं म्हणता म्हणता त्यांना नियमाची गोडी लागली.

पहिला नियम नंबराचा. बोट लागली की जी गाडी रांगेत पुढे, तिनं प्रवासी घ्यायचा. मधल्यानं घुसायचं नाही, ओळखदेख सांगायची नाही. हा नियम चांगलाच होता. त्यानं रोजची मारामारी थांबली.

दुसरा नियम ॲपचा. बेटावर ॲपच्या गाड्या आल्या तशी धक्क्यावर रडारड सुरू झाली. बोटीतून उतरणारे पाहुणे मान वर करून टॅक्सीकडे बघेनातच. बोटीतच मोबाइलवर बोटं फिरवून गाडी ठरवून मोकळे. भाडं आधीच दिसतं, घासाघीस नको, कुणाची मनधरणी नको. अध्यक्षांनी मीटिंग बोलावली, टेबलावर मूठ आपटली, आणि ठराव झाला: ॲपच्या गाडीनं टेकडीवरच्या वळणाच्या खाली यायचं नाही. अध्यक्षांनी स्वतः पाटी रंगवली, स्वतः बोल्ट आवळून धक्क्याच्या फाटकावर बसवली. फाटकापासून वळणापर्यंत चांगलाच चढ, सावलीला एक झाड नाही. ज्याला ॲपची गाडी हवी त्यानं आपलं सामान घेऊन तो चढ चढायचा. थोडं अंतर गेलं की रस्ता टेकडीआड होतो, पुढे माणसाचं काय होतं ते स्टँडवरून दिसत नाही.

आणि असा कुणी चढायला लागला की अध्यक्ष खुर्चीतून मोठ्यानं म्हणायचे, "मोबाइलला सांगा की बॅग उचलायला!"

दर वेळी सगळे हसायचे. विनोद जुना झाला तरी हसायचे. अध्यक्षांचा विनोद, न हसून जाणार कुठे?

त्या सकाळी एक बाई फाटकातून निघाली. तोंड छत्रीत झाकलेलं, पाठ वाकलेली, हातात भली मोठी कापडी पिशवी. एक गाडीवाला म्हणाला, "आजीबाई, टॅक्सी?" छत्री नुसती नाही अशी हलली. अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि आपलं ते वाक्य फेकलं. वर आणखी एक जोडलं, "दमाल तेव्हा बटण दाबा हो, आजीबाई!" हशा पिकला. छत्री एक पाऊल थांबली. मग पुन्हा चालू लागली.

ते एक पाऊल आता त्यांना आठवत होतं.

भाच्याचा फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा वाजला. दवाखान्यातून होता. हॉटेलांना बर्फ पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला चढाच्या वरच्या अंगाला एक बाई पडलेली सापडली होती. तो तिला उचलून घेऊन आला होता. पाय मोडलाय, शुद्धीत आहेत, तुमचं नाव सांगतात.

"अहो, निघा," बायको म्हणाली. तिनं देवापुढे हात जोडले आणि खोचलेल्या पदरानेच गाडीत येऊन बसली. वाटेत ती एकच म्हणाली, "वन्सं आल्या आणि आपल्याला पत्ता नाही. एवढं काय चुकलं आपलं?" अध्यक्षांनी गिअर बदलला.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, आणि बहिणीपेक्षा आईच जास्त. आई गेली तेव्हा अध्यक्षांना धड चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. अक्का त्यांना शाळेत नेऊन सोडायची. एका खांद्यावर स्वतःचं दप्तर, दुसऱ्या खांद्यावर त्यांचं. "तू नुसता चाल रे धाकट्या," म्हणायची, "ओझं मी बघते."

दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर ती पडली होती. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी, आणि तोंड मात्र सुरू.

"आलास? ये. बघ तुझ्या डॉक्टरनं कसा पांढरा खांब करून ठेवलाय माझा. आता तुझ्या घराला टेकू म्हणून लाव."

"अक्का..." अध्यक्षांनी बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस मेल्या, लोक म्हणतील म्हातारी गेली. ती पिशवी कुठाय? टेम्पोवाल्यानं आणली ना?"

पिशवी खाटेखाली होती. धुळीनं माखलेली, एक बंद तुटलेला. बायकोनं ती ओढून काढली, उघडली आणि बघतच राहिली. आत गाडीच्या सीटची कव्हरं होती. जाड निळं कापड, कडेला पांढरी पट्टी, शिवण कशी सरळ.

"त्याच्या गाडीच्या सीटा फाटल्यात म्हणाला होता ना फोनवर," अक्का म्हणाली. "मापं काढून घेतली त्याच्याकडून, गप्पांच्या नादात. पाठ किती उंच, बसायचं किती रुंद. ह्यानं सांगितली, पण एका शब्दानं विचारलं नाही की अक्का, तुला कशाला हव्यात."

अध्यक्षांना आठवलं. रांगेत उभं असताना, लक्ष पुढच्या गाडीकडे ठेवून, त्यांनी ती मापं सांगितली होती. आणि मग 'ठेवतो, नंबर आला,' म्हणून फोन ठेवला होता.

"पण वन्सं," बायको म्हणाली, "कळवायचं तरी. हे आले असते घ्यायला. ती ॲपची गाडी कशाला?"

अक्कानं भावाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तसं काही नाही गं. पोरगा म्हणाला, सोपं पडतं."

"खरं सांग," अध्यक्ष म्हणाले.

"सांगू? रागावशील."

"मी कोण रागावणार?"

"मागच्या खेपेला आले तेव्हा तू आला होतास की धक्क्यावर. म्हणालास, अक्का, माझा नंबर मागे आहे, मी नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं? पुढच्या गाडीत बसवलंस मला. हात हलवलास. मलाही अभिमान वाटला हो, भाऊ कसा न्यायानं चालतो म्हणून. पण त्या बाबानं वळण ओलांडल्यावर आणखी दोघं कोंबली. त्यांना आधी सोडलं, सगळं बेट फिरवलं, आणि मला तुझ्या घराच्या खालच्या रस्त्यावर उतरवलं. वर गाडी चढत नाही म्हणाला. भाडं मात्र वरपर्यंतचं घेतलं. मी म्हटलं, अरे, अध्यक्षांची बहीण आहे मी. तर म्हणतो, सगळ्याच अध्यक्षांच्या बहिणी असतात."

बायकोला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. अक्काही हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"जेवताना तू तुझ्या स्टँडचं इतकं कौतुक करत होतास. त्यात माती कालवावी असं वाटेना. आणि खरं सांगू, ॲपवर निदान दिसतं तरी, कुठं नेणार आणि किती घेणार. म्हातारीला तेवढाच धीर."

ज्या स्टँडसाठी अध्यक्षांनी पाटी रंगवली तो स्टँड असा होता, आणि ही गोष्ट त्यांना सोडून बेटावर सगळ्यांना ठाऊक असावी.

संध्याकाळच्या आत डॉक्टरांनी घरी सोडलं. अध्यक्षांनी अक्काला दोन्ही हातांवर उचलून गाडीत मागच्या सीटवर आडवं बसवलं, पायाखाली निळी कव्हरं घडी घालून ठेवली. बायको पुढे बसली. एवढी वर्षं टॅक्सी चालवली, अर्धी दुनिया त्या सीटवर बसून गेली, पण अक्का आज पहिल्यांदा बसत होती. नंबर आला नव्हता ना कधी.

वळण आलं. अध्यक्षांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरत गेलेला तो रखरखीत चढ आणि त्याच्या तळाशी फाटकाचा एक तुकडा दिसत होता.

"अक्का, सकाळी तू खालून जाताना..." ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "तू ऐकलंस का काही?"

"काय ऐकायचं होतं?"

"स्टँडवर कुणी काही बोललं ते."

बायको एकदा नवऱ्याकडे, एकदा मागे बघत राहिली. तिला काही कळेना.

"धाकट्या," अक्का म्हणाली, "तुझा आवाज मी हजारात ओळखीन. तुला बोलायला मी शिकवलंय."

"मग हाक का नाही मारलीस? छत्री का नाही बाजूला केलीस?"

"तुझी माणसं होती सगळी. मी तोंड दाखवलं असतं तर तुझी मान खाली गेली असती. तेवढ्यासाठी आले होते का मी?"

"तू आहेस हे मला कळलं असतं तर..."

"ते मला माहीत आहे रे. धावत आला असतास, पिशवी उचलली असतीस, नंबरही मोडला असतास." तिनं पाय सावरला, कळ आली तशी डोळे मिटले. "मी नसते, दुसरी कुणी असती, तर हसणं चालू राहिलं असतं, एवढंच."

ती हे रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर त्यांना सोसलं असतं. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. माणसाच्या जिभेला असतो, आणि तो कुठं जाऊन लागतो ते बोलणाऱ्याला टेकडीआड दिसत नाही. त्या चढावरून आजवर किती जण गेले असतील, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात काठी. त्यांचे चेहरे आठवायचा अध्यक्षांनी प्रयत्न केला. एकही आठवला नाही. आठवला तो फक्त हशा.

"अक्का, चुकलं माझं," ते म्हणाले.

"बरं. आता गाडी चालव. मला लागलंय ते पायाला, दुसरीकडे कुठे नाही."

ते खरं नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर बायकोनं खाट खिडकीशी घेतली, अक्काला उशा लावून दिल्या. शेजारणीकडून एक कळशी पाणी आणलं. अक्कानं लगेच हुकूम सोडला, "ती कव्हरं झटकून वाळत घाल गं, धूळ लागलीये. आणि ह्याला चहा दे, तोंड बघ कसं उतरलंय."

चहा झाला. भाच्याला फोन झाला. त्या बिचाऱ्याने तिकडून दहादा विचारलं, "मामा, माझंच चुकलं का ॲपवर गाडी केली ते?" अध्यक्ष म्हणाले, "नाही रे बाबा. तुझं नाही." आणि फोन बायकोच्या हातात दिला.

मोरीत नळ तसाच खोललेला होता. अध्यक्ष दारात येऊन त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग वाकून त्यांनी फरशीवरचा पाना उचलला आणि खिशात घातला.

अक्कानं खाटेवरून ते पाहिलं. भिंतीकडे तोंड करून तिनं डोळे मिटले, पण झोपली नव्हती.

"अहो, पाना घेऊन कुठं निघालात?" बायको म्हणाली. "आधी नळ करा. वन्सं घरात, आणि पाण्याचा ठणठणाट."

"वायसर नालीत गेला. येताना घेऊन येतो."

"येताना म्हणजे कुठून?"

अध्यक्षांनी चपला पायात सरकवल्या. "धक्क्यावरून. फाटकावरची पाटी उतरवायची आहे."