घसा बसला तो सामना

यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की मला कडोदऱ्याचं ते धुळकट मैदान आठवतं. मी कोसाडच्या आमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर होतो आणि सारखे हरत असल्यामुळे आमचेच पाठीराखे "मॅनेजर बदला" म्हणून ओरडायचे. त्यात तिथल्या सामन्याच्या दुपारी माझा घसा बसला. खेळाडूंना काही सांगायला गेलो की तोंडातून नुसती हवा. पाठीराखे बहुतेक खानदेशातले, मागावर काम करणारे. कारखान्याच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून एकमेकांचे ओठ वाचायची त्यांना सवय. रेषेलगत उभे असलेले एक काका माझी धडपड बघून म्हणाले, "सर, तुम्ही नुसतं तोंड हलवा, बाकीनं आम्ही देखी लेसूत!" मग मी ओठ हलवायचो आणि सगळे मिळून गर्जायचे, "डावीकडे दे! मागे ये!" तरी एका गोलनं हरलोच. शिटी वाजल्यावर मी लांबूनच ओठ हलवले, "उपकार झाले." काकांनी हात वर केला, "पोचलं, सर!" पुढच्या पराभवाला "मॅनेजर बदला" पुन्हा सुरू झालंच म्हणा, पण आज घसा ठणठणीत असूनही त्यांचा गलका कानावर आला की वाटतं, हा तर माझाच आवाज.