शिरूर जंक्शन

जुने कॉम्प्युटर गेम चोरांमुळे टिकतात की चोरांमुळे बुडतात, यावर हल्ली शिकलेली माणसं तावातावानं भांडतात. भांडा बापडे. मी आयुष्यात एकच गेम बनवला. ज्यांनी तो जपायला घेतला त्यांच्याकडे तो मेला, आणि ज्यानं चोरला त्याच्याकडे धडधाकट राहिला. म्हणून असल्या वादात मला कुणी बोलवत नाही. बोलावलं तरी मी सभ्यपणे बोलेन याची खात्री नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या मामांनी दौंडला कॉम्प्युटर क्लास काढला आणि मला शिकवायला बसवलं. चपला बाहेर काढायच्या, आत उदबत्ती, प्रत्येक कॉम्प्युटरवर मामीनं विणलेलं क्रोशाचं झाकण. क्लास कसला, देऊळच ते. नवी बॅच आली की मामा भाषण ठोकायचे, “दुसऱ्याच्या प्रोग्रामची कॉपी म्हंजी चोरी. आपल्या क्लासात चालायची न्हाई.” भाषण संपलं की ते शिकवायला जी फ्लॉपी काढायचे ती पुण्यात फुटपाथवर घेतलेली असायची. क्लासातला एकही प्रोग्राम रीतसर विकत आणलेला नव्हता. पण चोरी म्हणजे पोरांनी केलेली. मोठ्या माणसानं केली की ती सोय.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत शंटिंगला होते. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं तोंड दौंडला फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सोडायचं, बाजूच्या लाइनीवरून मागं आणायचं आणि शेपटाला जोडायचं. तेवढ्यात प्रवासी खाली उतरून चहा पिऊन घेतात. माझा गेम एवढाच होता: चहा संपायच्या आत इंजिन जोडा. इंजिन म्हणजे दोन चौकोन आणि एक टिंब, रूळ म्हणजे गणितातल्या ‘=’ अशा बरोबरच्या खुणा. शिट्टी म्हणून कॉम्प्युटर जे काय केकाटायचा ते.

ड्यूटी सुटली की आप्पा क्लासात येऊन डबा मांडीवर घेऊन माझ्यामागं बसायचे आणि तोंड सोडायचे. मला ते मास्तरीणबाई म्हणायचे, कौतुकानं नव्हे, चिडवायला. इंजिन चुकीच्या लाइनीवर गेलं की, “डोळं फुटलं का मास्तरीणबाई? ती मालगाडीची लाइन हाय, तुझ्या सासऱ्याची न्हाई!” जोरात आदळलं की, “हळू! म्हस बांधायची न्हाई, डबा जोडायचाय.” मलाही राग आला. म्हटलं, थांबा, तुम्हालाच आत घालते. त्यांची सगळी बोलणी जशीच्या तशी रोमन अक्षरांत टाइप केली. चूक झाली की पडद्यावर आप्पा. सगळं नीट झालं की शेवटी, “व्हय, जमलं. जा आता घरी,” आणि गेम बंद. आप्पांनी ते पाहिलं, वाचून घेतलं आणि म्हणाले, “सासऱ्याचं काढून टाक, लग्न व्हायचंय तुझं.” मी काढलं नाही.

पोरांना गेम भलताच आवडला. तिथंच मामांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाले, “गावभर वाटला की किंमत राहत न्हाई. कंपनीला विकू आपण.” कुठली कंपनी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सगळ्या फ्लॉप्या स्टीलच्या कपाटात गेल्या, किल्ली जानव्याला. शिरूरकडच्या एका पोरानं शर्टाच्या आत फ्लॉपी लपवलेली सापडली, तेव्हा मामांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून क्लासातून हाकलला. मीही त्याला फैलावर घेतलं. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मला वाटलं, लाजला बिचारा.

पुढं माझं लग्न झालं आणि मी शिरूरला आले. तो पोरगा एव्हाना बाप्या झाला होता आणि एसटी स्टँडजवळ त्याचं झेरॉक्स, कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भाजी आणताना मी त्याच्या दुकानासमोरून तोंड फिरवून चालायचे. चोर तो चोर.

मग आप्पा गेले. बारावं-तेरावं झालं, लोक पांगले आणि मला जाणवलं की त्यांचा आवाज कुठंच नाही. टेपही नाही, काही नाही. फोटो एकच, त्यातही तोंड घट्ट मिटलेलं. त्या माणसाचं तोंड जन्मात मिटलं नव्हतं, तो फोटो बघून मला रडूच फुटलं. माझ्यावर ओरडणारं आता कुणी उरलं नव्हतं. आणि तेव्हा गेम आठवला. त्यात आप्पा होते, बोलत.

तडक दौंड गाठलं. मामांनी अभिमानानं कपाट उघडलं. “बघ, जशाच्या तशा. कुणाचा हात लागू दिला न्हाई.” लाल फडक्यातून फ्लॉप्या काढल्या. एकीचं पत्र्याचं झाकण मी बोटानं सरकवलं. आतली काळी तबकडी पिवळीजर्द आणि तांबडी, वर तांदळाचे दाणे चिकटलेले.

“मामा, हे काय?”

“खंडेनवमीची पूजा. दरसाल करतो. वरच्या प्लास्टिकला हळदकुंकू लावून काय उपयोग? म्हणून झाकण सरकवून आत लावतो. विद्या आतच असती ना.”

माणूस एवढा श्रद्धेनं एखाद्या गोष्टीचं वाटोळं करू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जुने कॉम्प्युटर त्यांनी केव्हाच भंगारात घातले होते. नव्या कॉम्प्युटरात एकेक फ्लॉपी घालून पाहिली; यंत्र नुसतं कण्हलं. मामा म्हणाले, “एखादी चालंल गं, गेल्या साली अभिषेक कमी केला होता.” त्यांच्यावर ओरडले असते, पण मामा स्वतःच इतके कावरेबावरे झाले होते. शेवटी पुटपुटले, “त्या चोराकडं असंल बघ. त्यानं आधीच एक लांबवली होती म्हणं.”

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानाची पायरी चढले. तो उठून उभा राहिला. “या मॅडम, बसा.” मी काही विचारायच्या आतच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरनं ती केकाटणारी शिट्टी ऐकू आली. दोन चौकोन आणि एक टिंब. वर नाव झळकत होतं: शिरूर जंक्शन. खाली निर्माता म्हणून त्याचं नाव, आणि त्याखाली: कॉपी करण्यास सक्त मनाई.

“अरे गाढवा, शिरूरला रेल्वे तरी आहे का?”

“न्हाई मॅडम, म्हणून तर लोकान्ला आवडतंय.”

तेवढ्यात खेळणाऱ्याचं इंजिन मालगाडीच्या लाइनीवर गेलं. पडद्यावर उमटलं, “डोळं फुटलं का मास्तरीणबाई?” खेळणारा मिशीवाला गिऱ्हाईक खो खो हसला.

“बोलणी तेवढी तशीच ठेवली म्या,” तो म्हणाला. “त्यासाठीच तर येत्यात लोकं.”

म्हटलं, मला एक कॉपी दे. तर हा डोकं खाजवत म्हणतो, “कॉपी देत न्हाई मॅडम. गावभर झाली की किंमत राहत न्हाई.”

घ्या! मामांचीच पट्टी. चोराच्या हाती चार दिवस माल राहिला की त्याचाही मालक होतो. आणखी थोडी वर्षं गेली असती तर ह्यानंही खंडेनवमीला हळदकुंकू लावलं असतं. मी म्हटलं, बरं, निदान एकदा खेळू तर दे. तो झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी पर्समधली कोरी फ्लॉपी काढून माझा गेम त्याच्या कॉम्प्युटरमधून चोरला. निघताना म्हटलं, येते हं.

आप्पांचं वर्ष सरल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आळीतल्या बायकांना वाण म्हणून गेमच्या फ्लॉप्या लुटल्या. बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. त्यांना वाटी-चमचा हवा होता. एकीनं त्यावर गरम कप ठेवला, एकीनं दुसऱ्या दिवशी येऊन बदलून वाटी मिळेल का विचारलं. हळदकुंकू मात्र मी त्यांच्या कपाळाला लावलं, फ्लॉपीला नाही.

शेजारीण कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिनं तिची फ्लॉपी तिकडे नेली. आठवड्यानं सांगत आली, “अहो, सगळं ऑफिस खेळतंय. तुमच्या वडलांनी काल आमच्या साहेबाला मास्तरीणबाई केलं.” मग माझ्याकडच्या कॉम्प्युटरवर माझा खेळ बघत उभी राहिली. माझं इंजिन मालगाडीच्या लाइनीवर. पुन्हा मालगाडीच्या लाइनीवर. मग धाडकन डब्यावर.

“कमाल आहे बाई,” ती म्हणाली, “तुम्हीच बनवलात ना? ऑफिसात सगळ्यांना जमतं. तुम्हाला एकदाही जमत नाही?”

नाही जमत, म्हटलं. जमलं की आप्पा घरी जा म्हणतात.