लाल फडक्यातला पासपोर्ट

आमच्या घरात खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. विळा, खुरपी, आईची शिलाई मशीन, माझ्या शाळेच्या पिशवीतला डस्टर. त्या वर्षी या रांगेत दोन पासपोर्ट बसले. एक माझा, व्हिसाचा एक शिक्का सोडला तर कोरा, कुठंच न गेलेला. दुसरा माझ्या भाचीचा, कॅनडाचा, कोपरे मऊ पडलेला. आईनं पानं उघडून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि दोन्ही पासपोर्ट लाल फडक्यात घालून गाठ मारली. प्रवासाची वस्तू पूजेला बसली की निघायच्या दिवशीच सोडायची, हा घरचा नियम. मी आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवरचा धडा तर मी इतका रंगवून शिकवते की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला येतात. पण आईशी वाद घालायचा म्हणजे रात्रीच्या भाकरी आपण थापायच्या. मी मान डोलावली.

भाची तेव्हा पाच वर्षांची. माझी धाकटी बहीण लग्नानंतर तिकडं गेली, पोरगी तिथंच जन्मली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बहिणीला अंथरुणावरून उठायचंच नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या, पोरीकडं बघायला कुणी नाही. म्हणून आषाढात जावई पोरीला बोरीत आमच्या घरी सोडून गेले. बाळंतपणाच्या आधी मी तिला तिच्या आईजवळ न्यायची आणि पुढं तिथंच राहून बहिणीचं करायचं, असं ठरलं. बहीण फोनवर दर वेळी एकच विचारायची, "अक्का, ती मला विसरणार नाही ना?" मी दर वेळी म्हणायचे, "आईला कुणी विसरतं का?" शिक्षकांना उत्तर माहीत नसलं की उलटा प्रश्न विचारायची सवय असते.

पोरीचं तिकडचं नागरिकत्व, आणि इकडं येण्याजाण्यासाठी आपल्या सरकारचं आयुष्यभराचं कार्ड. गल्लीनं हे सगळं सोपं करून टाकलं. "बाईंची भाची दोन देशांची हाय." पिठाच्या गिरणीत कुणीतरी तिला गमतीनं विचारलं, "मग आत्ता तू हितं हायस का तिथं?"

"दोन्हीकडं," ती म्हणाली. गिरणीतली सगळी हसली. ती हसली नाही.

महिन्याभरात तिचं इंग्रजी गेलं. हळूहळू नाही, दात पडावा तसं. दसऱ्याच्या आधीच ती माझ्या आईसारखी "लय बेजार केलं ह्या माश्यांनी" म्हणायला लागली, तेही कमरेवर हात ठेवून. आम्हाला मोठी मौज वाटायची.

मग एके दिवशी बहीण फोनवर पलंगावर पडून बोलत होती. तिच्या मागं पोरीच्या खोलीचं दार उघडं होतं. पोरगी बोलता बोलता गप्प झाली, फोनच्या जवळ गेली आणि म्हणाली, "मम्मी, तिला उठव की. कवाची झोपलीय."

"कुणाला गं?"

"तिकडच्या मला."

बहीण हसली. खोलीत कुणी नाही म्हणाली, गादीवर चादर गोळा करून टाकलीय. मी चष्मा पुसून बघितलं. चादरच होती. कुशीवर झोपलेल्या माणसासारखी दिसत होती, एवढंच. फोन ठेवल्यावर आई बोलली, "पोरगी इमानातून आली. अंग आलं, जीव मागं राहिला. शिवेवर थांबवून हाक मारायला पायजे होती. जावईबापूंना घाई."

ही हाक म्हणजे आमच्या घरची रीत. लेकरू लांबून आलं की गावाच्या शिवेवर गाडी थांबवायची, हातात पाणी आणि भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि आल्या रस्त्याकडं तोंड करून त्याचं नाव घेऊन तीनदा बोलवायचं, घरला चल म्हणायचं. म्हणजे वाटेत रेंगाळलेला जीव मागून येतो. मला लहानपणी मामाच्या गावाहून येताना दर वेळी असं बोलावलेलं आहे. माझा जीव कुठं रेंगाळण्याइतका उत्साही नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. परभणीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. मी नवीन साडी नेसले होते आणि विमानात ती सुटेल या भीतीनं ठिकठिकाणी पिना टोचल्या होत्या. विमानतळाच्या तपासणीत मी इतक्या वेळा वाजले की तिथली पोलीस बाई म्हणाली, "मॅडम, घरी काही उरलंय का?" पण ते दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला तिथपर्यंत पोचलोच नाही.

सामान द्यायच्या खिडकीवर मी लाल फडकं ठेवलं. पलीकडच्या मुलीनं ते माझ्याकडं सरकवलं, मी तिच्याकडं. सोडायला मलाही धीर होईना. शेवटी तिनंच नखांनी गाठ सोडली. अक्षता घरंगळत तिच्या की-बोर्डात गेल्या. माझा पासपोर्ट तिनं बघितला. मग भाचीचा उघडला आणि तशीच थांबली.

ओल्या कुंकवाचं बोट फोटोवरच टेकलं होतं आणि दोन महिने मिटून राहिल्यानं पानभर पसरलं होतं. चार महिन्यांच्या बाळाचा चेहरा त्याखाली गेला होता. दोन डोळे तेवढे राहिले होते.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"हीच," मी भाचीकडं बोट केलं.

"मी न्हाई," भाची टाचा उंचावून बघत म्हणाली. "ती हाय. तिकडची."

खिडकीतल्या मुलीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा फोटोकडं, आणि अंगावर शाल ओढल्यासारखी खुर्चीत मागं सरकली. मग खाली तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, याची मुदत संपलीय. दिवाळीतच."

संपणारच होती. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लेकरांचा पाचच वर्षांचा, हे मला माहीत नव्हतं. तिकीट जावयांनी तिकडून काढलेलं. पासपोर्टचा नंबर त्यांच्याकडं होताच, तारीख त्यांनी बघितली नाही. आणि आम्ही दोन महिने तो पासपोर्ट देवापुढं ठेवून रोज नमस्कार केला, तारीख कुणी वाचली नाही.

बहिणीला फोन केला. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "ती येणार नाही असं मला वाटतच होतं." 

परत येताना परभणीहून गाडी केली. बोरीच्या अलीकडं ओढ्याचा पूल आहे, तिथं आमच्या गावाची शीव. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना तूर माणसाच्या वर गेलेली. पुलावर आई उभी होती, एका हातात तांब्या, एका हातात भाकरी. मी फोनवर सगळं सांगितलेलंच होतं.

"गाडी थांबीव," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"आई, आम्ही कुठंच गेलो नाही. विमानतळाच्या खिडकीवरून परत आलोय."

"तू गप बस. तुला कोण बोलवायलंय?"

भाची माझ्या मांडीवर झोपलेली. तोंड उघडं, लाळ माझ्या नव्या साडीवर. आईनं पाणी शिंपडलं, रस्त्याकडं तोंड केलं आणि तिच्या नावानं हाक मारली. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला ड्रायव्हरनं उगीच रेडिओ बंद केला. तिसरी हाक मारली आणि तुरीतून कुणीतरी "ओ" दिली.

बारीक आवाज, लेकराचा. मी खाली बघितलं. भाचीचे ओठ हलले नव्हते.

कापसाला आलेल्या बायकांचं एखादं लेकरू असेल, मी म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "तुरीत कापूस वेचायलेत व्हय, बाई?" त्यावर मला उलटा प्रश्नही सुचला नाही. आई मात्र खूश होती. तिनं भाकरीचा तुकडा पोरीवरून ओवाळून ओढ्यात टाकला, गाडीत बसली आणि पदर थोडा बाजूला घेऊन शेजारी जागा केली. त्या जागेवर घरापर्यंत कुणी बसलं नाही.

पुढं पळापळ झाली. तात्पुरत्या पासपोर्टसाठी आईबापाच्या सह्या तिकडून आल्या, फोटो जिंतूरला काढला. फोटोवाल्यानं पुन्हा पुन्हा काढला. "बाई, हिला हालू नका म्हणा."

"ती हललीच नाही."

"मग धूसर कसा यायलाय?"

शेवटी एक बरा निघाला. बहिणीचे दिवस भरत आले होते. पोरगी आता सकाळ-संध्याकाळ आईच्या मागं, तुळशीजवळ, चुलीजवळ. फोनवर बहीण आली की दोन शब्द बोलून पळायची. नवीन पासपोर्ट आला तसा मी तो माझ्या उशीखाली घेऊन झोपले. आईनं फडकं आणलं होतं. मी नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. भाकरीही थापल्या.

निघताना पोरगी रडली नाही. आईही रडली नाही, आणि हेच मला खटकलं. ती पुलापर्यंतसुद्धा आली नाही. दारातच म्हणाली, "जा. काई फिकीर न्हाई."

तिकडं पोचलो तेव्हा सगळं पांढरं होतं. विमानतळावरच्या साहेबानं पोरीला काहीतरी विचारलं आणि तिनं खाडकन इंग्रजीत उत्तर दिलं. सगळं, बिनचूक, न अडखळता. मग माझ्याकडं वळून इंग्रजीतच म्हणाली, की मी तिचा हात फार घट्ट धरलाय, कृपा करून सोडावा. मी सोडला. माझ्या हातात कुणाचा हात होता, असा विचार आला, आणि माझं मलाच हसू आलं. हसू फार वेळ टिकलं नाही.

घरी बहीण भिंतीला धरून दारापर्यंत आली. पोरीनं तिला नीट नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. बूट रांगेत ठेवले. दिलेलं खाल्लं, ताट धुवायच्या जागी ठेवलं, प्रत्येक गोष्टीला आभार मानले. कमरेवर हात नाही, माश्या नाहीत. पलंगावर झोपायची तर भिंतीकडची अर्धी जागा सोडून, कडेला, सरळ. मध्ये एकदा मी अंगावरचं पांघरूण सारखं करायला गेले तर त्या रिकाम्या अर्ध्या जागेवरही तिनं पांघरूण नीट पसरलेलं होतं.

बहिणीनं असं काही दिवस बघितलं. मग एका संध्याकाळी मला म्हणाली, "अक्का, तू कुणाला आणलंस?"

"वेडी आहेस का? दमलीय ती."

"ती मला हात लावू देत नाही. माझ्याकडं बघती ते खिडकीतून बघितल्यासारखं."

तिनं बोरीला फोन लावला. तिथं दिवस नुकता उगवलेला. आईनं उचलला, मागं कोंबडा ओरडत होता. बहीण म्हणाली, "आई, पोरगी अशी का वागायलीय?"

"कशी?" आई म्हणाली. आणि मग, दूध तापलंय का विचारावं इतक्या साध्या आवाजात, "पोरगी हितं बरी हाय की. सांच्याला तुळशीपाशी बसती. काई तरास न्हाई तिचा. घर भरल्यावानी वाटतंय."

 आतल्या खोलीत पोरगी रंगाच्या कांड्या ओळीनं लावत होती. त्या कांड्यांचा बारीक आवाज येत होता.

"आई," बहीण म्हणाली. तिचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. असा कधी ऐकला नव्हता. "तुझ्याजवळ अक्का होती, मी होते. माझ्याजवळ एवढी एकच हाय. माझी पोरगी मला दे."

पलीकडं कोंबडा पुन्हा ओरडला. नंतर तोही थांबला. मला वाटलं फोन कटला. मग दाराची कडी वाजली, चपला घासल्या. ती चालायला लागली होती, फोन हातात तसाच. वाटेत कुणीतरी विचारलं, "मावशी, सकाळी सकाळी कुठं?" ती म्हणाली, "सोडून येते जरा." मग नुसता वारा आणि तिचा श्वास. तो ओढ्याचा चढ तिला झेपत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. बहीण फोन दोन्ही हातांत धरून बसली होती.

बऱ्याच वेळानं आई बोलली, पण आमच्याशी नाही. हळू आवाजात, खाली वाकून बोलावं तसं. "जा बाई. तुजी माय वाट बघायलीय. मी न्हाई बोलवायची आता मागं. जा." आणि थोड्या वेळानं, "बघू नको वळून."

मग खरंच फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना.

आतला कांड्यांचा आवाज थांबला होता. मी उठून बघायला जाणार, तर बहिणीनं माझा पदर धरला. दोघी ऐकत राहिलो. या देशातली घरं फार शांत असतात, भिंतीतलं गरम पाणीसुद्धा दबकत वाहतं. मी माझ्या डोक्यातल्या विज्ञानाच्या पुस्तकाची पानं उलटत होते, पण नेमका हवा तो धडा मला कुणी शिकवलाच नव्हता.

त्या रात्री पोरगी आपल्या खोलीत गेली नाही. दिवाणावरच झोपली. पहाटेपर्यंत तिला कणकण आली. पाय दुखायलेत म्हणत होती, झोपेत, मराठीत. फोनवर डॉक्टर म्हणाले वाढीचं दुखणं आहे, या वयात होतं. मी हो म्हणाले. मी तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत बसले.

सकाळी ती उठली, माझ्याकडं बघून न बघता पुढं गेली, बहिणीच्या खोलीचं दार ढकललं. बहीण कुशीवर, पोट सांभाळून झोपलेली. पोरगी पलंगाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवला.

"मम्मी, सरक की जरा," ती म्हणाली. "किती जागा लागती तुला एकटीला."

बहीण सरकली. मी दार लोटून घेतलं आणि चहा टाकायला गेले. तीन कप काढले, मग एक परत ठेवला, पोरगी चहा पीत नाही. बोरीला फोन लावायचा होता. पण तिथं आता सांज, आई तुळशीपाशी एकटी बसली असेल, आणि तिला काय विचारायचं ते मला सुचेना, म्हणून मी चहा उकळेपर्यंत नुसती उभी राहिले.