पोहता येणाऱ्या माणसाचं जॅकेट

माझ्या बाबांना पोहायला कुणी शिकवलं नव्हतं. गुहागरकडच्या आमच्या गावात घराच्या मागेच खाडी होती. शाळा पलीकडच्या काठावर. होडी चुकली की दप्तर डोक्यावर बांधून ते पोहत शाळेत जायचे आणि ओल्या चड्डीनिशी वर्गात बसायचे. पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. आम्ही आधी दिवा स्टेशनजवळ राहिलो, मग डोंबिवली पश्चिमेला आलो. या सगळ्या वर्षांत पाणी म्हणजे नळाला आलं की पिंपात भरून ठेवायची गोष्ट होती. खाडी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, पण बाबा तिकडे कधी फिरकले नाहीत. कामाला सुट्टी नसायची, हेच कारण असावं.

निवृत्त झाल्यावर ते घरात बसायला लागले. आधी आईच्या स्वयंपाकात लक्ष घालून झालं, मग सोसायटीच्या टाकीत. सत्तरीला टेकलेला, अजून दणकट असलेला माणूस दुपारभर बाल्कनीत उभा असायचा. अशात मला कुणीतरी सांगितलं की मोठागावच्या बाजूला खाडीत एक बाई रविवारी सकाळी कयाक चालवायला शिकवतात. मी बाबांना फोनवर फोटो दाखवले. प्लास्टिकची लांबट होडी, वर उघड्यावर बसायचं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. ते फोटो त्यांनी बराच वेळ बघितले आणि विचारलं, "दोघांची मिळते का?"

मला पोहता येत नाही. लहानपणी गावी बाबांनी खूप खटपट केली, पण पाणी नाकात गेलं की मी किंचाळायचे. तरी त्यांच्यासोबत होडीत बसायला मला भीती वाटली नाही. बाबा मागे असणार होते.

शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. काठावर त्यांनी प्रत्येकाला लाइफ जॅकेट घातलं, बकलं लावली, पट्टे ओढले आणि मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर खेचून बघितलं. ते हनुवटीपर्यंत वर आलं की म्हणायच्या, सैल आहे, पाण्यात गेल्यावर तुम्ही खाली राहाल आणि हे वर येईल. बाबांचं जॅकेट पोटावर घट्ट बसत होतं. बाबांनी हसत हसत सांगितलं, "मला पोहता येतं." बाईंनी ऐकून घेतलं आणि पट्टा आणखी एक बोट आवळला.

पहिले काही रविवार फार सुखाचे गेले. भरतीचं पाणी कल्याणच्या दिशेला आत शिरायचं आणि आम्ही त्याच्यासोबत जायचो. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, मधूनच जलपर्णीचे पुंजके. वास असायचा, कचराही असायचा, पण बाबांना तो दिसत नव्हता. मागून ते मला सांगायचे, बघ, पाणी आता थांबलंय, आता वळेल. आणि खरंच थोड्या वेळाने पाणी वळायचं. इतकी वर्षं लेथ मशीनपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला हे सगळं अजून लक्षात होतं. घरी येऊन ते आईला सांगत बसायचे आणि आई म्हणायची की आता तरी माणसात आलात.

त्या रविवारी आम्ही परत फिरलो तेव्हा ओहोटी लागली होती. ऊन वर आलेलं. बाकीच्या होड्या पुढे निघून गेल्या होत्या आणि बाई धक्क्यावर लोकांना उतरवून घेत होत्या. आम्ही मागे रेंगाळत होतो. तेवढ्यात माझ्या पाठीमागे बकलं सुटल्याचा आवाज आला, टक, टक. मी मान वळवली. बाबांनी जॅकेट काढून पाठीशी उशीसारखं ठेवलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, घाला ते."

"अगं, मानेला घासतंय. धक्का समोर दिसतोय."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वल्हं मारायला सुरुवात केली. पुढच्या सीटवरून मागच्या माणसाला काही करता येत नाही, आणि तो माणूस आपला बाप असेल तर कुठल्याच सीटवरून करता येत नाही.

धक्का पुलाच्या थोडा अलीकडे होता. आम्हाला काठाकडे वळायचं होतं आणि पाणी आम्हाला पुलाकडे नेत होतं. ओहोटीला इतका जोर असेल असं वरून बघून वाटत नव्हतं, पाणी अगदी सपाट दिसत होतं. बाबांनी होडी आडवी केली, मी जीव खाऊन वल्हं मारलं, पण पुलाचा खांब जवळ येत राहिला. कयाक बाजूने त्याला टेकली. पाणी येत होतं त्या बाजूची कड खाली गेली आणि आम्ही दोघं उलटून खाडीत पडलो.

मी लगेच वर आले. मला काहीच करावं लागलं नाही, जॅकेटनेच वर आणलं. कयाक खांबाला तशीच चिकटून राहिली आणि आम्ही पुलाखालून पलीकडे वाहत गेलो. धक्का पुलाआड गेला. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर होते. केस कपाळाला चिकटलेले, आणि खरं सांगते, ते खूश दिसत होते.

"पाय हलवत राहा," ते म्हणाले. "घाबरू नको, मी आहे ना."

त्यांचं जॅकेट आमच्या पुढे चाललं होतं. नारिंगी रंगाचं, हलकं, ठाण्याच्या दिशेने. बाबा त्याच्यामागे गेले असते तर कदाचित मिळालं असतं. पण त्यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि मला काठाकडे ओढायला सुरुवात केली. एका हाताने माणूस ओढायचा, दुसऱ्याने पाणी कापायचं. अंगात फुल ट्रॅकपँट, पायात कॅनव्हासचे बूट. सुरुवातीला ते बोलत होते. मग बोलणं बंद झालं आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. त्यांचा हात पाण्यातून आधी खांद्यापर्यंत वर येत होता, मग कोपरापर्यंत, मग नुसती बोटं. काठ जवळ येत नव्हता.

मी म्हटलं, "ओढू नका. नुसतं धरा मला."

त्यांनी ऐकलं. दोन्ही हातांनी माझ्या जॅकेटचा खांदा धरला. त्यांचं वजन आलं तशी मी खाली गेले. पाणी हनुवटीवर आलं, मग ओठांवर. खारट, डिझेलसारखं, कुजकं पाणी माझ्या तोंडात गेलं आणि मला ठसका लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्यामुळे त्यांचे डोळे लाल झाले होते.

मग माझ्या खांद्यावरचं वजन गेलं. मी पुन्हा वर आले.

त्या जॅकेटची रचना अशी असते की ते माणसाला उताणं ठेवतं, तोंड आकाशाकडे. मी वळायचा प्रयत्न केला की ते मला पुन्हा उताणं करायचं. बाबा माझ्या डोक्याच्या मागे कुठेतरी होते. मला पूल दिसत होता, त्यावरून जाणारा एक टेम्पो दिसत होता, घारी दिसत होत्या. बाबा दिसत नव्हते. मागे पाणी हाताने मारल्याचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने तोही येईना. मी हाका मारल्या. जॅकेटला दोरीने शिट्टी बांधलेली असते, ती तोंडात धरली आणि वाजवत राहिले. त्यावेळी मला करता येण्यासारखं जगात तेवढंच होतं.

प्रवाहाच्या खालच्या अंगाला एक नवराबायको होडीतून जाळं काढत होते. ते शिट्टीच्या आवाजावर आले. नवऱ्याने वाकून बाबांना शर्टाच्या कॉलरला धरलं आणि दोघांनी मिळून आत ओढलं. मला होडीच्या कडेला धरून राहायला सांगितलं. मला आतलं दिसत नव्हतं, बाबांच्या पाठीवर बसणारे दणके ऐकू येत होते. मग होडीतल्या बायकोचा आवाज आला, "जीव हाय यात."

आधी डोंबिवलीतलं एक हॉस्पिटल, मग तिथून ठाण्याला. खाडीचं घाण पाणी फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बुडताना वाचले, पण आता त्या पाण्याशी आतून लढावं लागेल. बाबांच्या तोंडात नळी होती, हात पलंगाला बांधलेले. आम्हाला दिवसातून दोनदा आत सोडायचे. आई काचेपलीकडून बघायची आणि परत येऊन बाकावर बसायची. तिने मला एकच प्रश्न विचारला. "ह्यांनी घातलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. तिने पदराने चष्मा पुसला आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

बाकीचे मात्र तो काढायचे. गावाहून काका आले, शेजारी आले, बाबांचे कारखान्यातले मित्र आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, एवढा पट्टीचा पोहणारा, खाडीतच वाढलेला, बुडेल कसा? मी समजावून सांगायचे की जॅकेट पोहता न येणाऱ्यांसाठी नसतं, दमणाऱ्यांसाठी असतं. अंगात कपडे असतात, ओहोटी असते, वय असतं. मला पोहता येत नाही आणि मी वाचले, हेही सांगायचे. ते माना डोलवायचे, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे. एक जण म्हणाला, मुलीला वाचवायच्या नादात गेला बिचारा. बाबा तेव्हा आत जिवंत होते.

बाबा घरी आले तेव्हा पावसाळा संपत आला होता. छाती अर्धी झाली होती. बाथरूमपर्यंत जाऊन आले की पलंगाच्या कडेला हात टेकून बसायचे. आवाज इतका खाली गेला की पंखा बंद करून ऐकावं लागायचं. त्या दिवसाबद्दल ते बोलत नव्हते. एकदा आई खाली भाजी आणायला गेली होती तेव्हा मीच विचारलं.

"बाबा, तुम्ही हात का सोडलात?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "सुटला."

"सुटला की सोडलात?"

"दमलेलो गं. सुटला." आणि कूस बदलून झोपले.

मला ते खरं वाटत नाही. दुसरं जे वाटतं, ते घेऊन जगायचं कसं ते मला कळत नाही. त्यामुळे मी पुन्हा विचारलेलं नाही.

आता संध्याकाळी त्यांचा श्वासाचा व्यायाम असतो. प्लास्टिकचं एक यंत्र आहे, त्यात लहान चेंडूंसारख्या रंगीत गोळ्या असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर जायला हव्यात. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, घाई करू नका. मी ते यंत्र धरून समोर स्टूलवर बसते. पहिली गोळी वर जाते, दुसरी जागच्या जागी थरथरते. बाबा डोळे मिटून ओढत असतात, मानेच्या शिरा ताठ होतात. माझाही श्वास त्यांच्यासोबत आत जातो आणि छातीत अडकून राहतो, जणू मी ओढलेली हवा त्यांना मिळणार आहे. गोळी खाली येते. ते नळी बाजूला करतात, थोडं थांबतात, आणि मला हाताने खुणावतात की पुन्हा धर.