विमानाच्या नाकातला कॅमेरा

व्हिक्टर अंकलना प्रश्न पडायचे, आणि ते पडले की आमच्या स्टुडिओतलं काम अडायचं. खदिजा नावाच्या एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी आल्या, तर हे डार्करूममधून हात पुसत बाहेर. "मॅडम, खजूर झाडावर वाळतो की उतरवल्यावर?" बाई बिचाऱ्या दहा मिनिटं समजावत उभ्या, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. मला त्यांचा असा राग यायचा की विचारू नका.

स्टुडिओ बहरीनमधल्या अदलिया भागात होता. मी काउंटरवर, ते मागे अंधारात. दोघंही वसईकडचे, ते निर्मळचे आणि मी गासची. चौदा वर्षं ते बहरीनची लग्नं, बारशी आणि व्हिसाचे चेहरे धुऊन काढत होते. राहायला बुसैतीनला, विमानतळाजवळ. शुक्रवारी गच्चीवर बसून ते नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे, आणि बहुतेकदा बरोबर असायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला आमचे मालक रहिमतुल्लाशेठ यांनी रंगीत फोटोंचं मशीन आणलं. रोल घातला की तासाभरात फोटो बाहेर. शेठ रत्नागिरीचे, सरळ बोलणारे. त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, "एका माणसाचं काम उरलंय. मशीन बेनिटाला जमलं, तर व्हिक्टरचा व्हिसा वाढवणार नाही. तिनं घोळ घातला, तर मशीन व्हिक्टर शिकेल आणि बेनिटा घरी. दोन महिने बघतो."

माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि घरात कमावणारी मी एकटी. अंकलच्या पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, पण म्हणून नोकरी कोणाला नको असते का? तरी मशीनची माहिती वाचायला मला त्यांनीच मदत केली. मदत कसली, सतरा प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं शोधता शोधता मी शिकले.

सहा आठवडे नीट गेले. मग एका सकाळी ल्यूक नावाचा एक फ्रेंच आला. त्यांचं विमानवाहू जहाज लांब बाहेरच्या समुद्रात होतं, हा दुसऱ्या छोट्या जहाजातून चार दिवसांसाठी बंदरात आलेला. स्वतःच्या आठवणीसाठी काढलेले ब्लॅक अँड व्हाइटचे दोन रोल त्याने काउंटरवर ठेवले. संध्याकाळी जहाज सुटणार, चारला हवेत म्हणाला. जहाजावर काम काय, असं मी सहज विचारलं. "विमानातल्या कॅमेऱ्यांचं," तो म्हणाला. "एतांदार नावाचं विमान. बंदुका नाहीत त्यात. त्यांच्या जागी कॅमेरे. नाकात तीन, पोटात दोन."

मागचं दार उघडलं नसतं तरच नवल. पण अंकल बाहेर येईपर्यंत ल्यूक टॅक्सीत बसला होता.

झालं. त्यांना दुसरं काही सुचेना. "बेनिटा, चालत्या बसमधून फोटो काढला तर हलतो. हे विमान ताशी हजार किलोमीटर जातं. मग याचा फोटो कसा हलत नाही?"

"मला काय माहीत? रोल धुवा."

एक रोल घेऊन ते आत गेले. तासाभराने ओली फिल्म उजेडाकडे धरून मला बोलावलं. डेकवर उभं असलेलं विमान, आणि त्याच्या नाकाला चक्क काचेच्या खिडक्या. त्या खिडक्यांवरून त्यांची नजर हटेना. मग म्हणाले, "दुसरा दे."

मी पाकीट उचललं. रिकामं होतं. सकाळी घाईच्या वेळी सगळ्या पाकिटांतले रोल एका ट्रेमध्ये काढून ठेवायची माझी सवय. त्यात तोही गेला होता, आणि ट्रेमधलं सगळं मी मशीनला घातलं होतं. रंगीत फोटोंच्या रसायनात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म गेली की त्यावर काही उरत नाही. ल्यूकची फिल्म काचेसारखी कोरी बाहेर आली. अंकलनी ती हातात घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

चारला ल्यूक आला. नेमके शेठही दुकानात. कोरी फिल्म बघून शेठनी माझ्याकडे पाहिलं. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंकल म्हणाले, "मी. डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतला."

तसं केलं तरी फिल्म कोरीच होते, पण ही चूक पहिल्या दिवशीचा शिकाऊ करतो. ल्यूकला ते कळत होतं. त्याने अंकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मशीनकडे. शेठ अरबी, हिंदी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत बोलून शेवटी "खलास, व्हिक्टर" म्हणाले आणि बाहेर गेले.

दार बंद झाल्याबरोबर अंकलनी विचारलं, "फोटो हलत कसा नाही?"

ल्यूक हसायलाच लागला. त्याने काउंटरवरचं वर्तमानपत्र घेतलं, त्यावर माझी फूटपट्टी ठेवली आणि दोन्ही एकाच वेगाने ओढली. जमीन मागे सरकते तशी कॅमेऱ्यातली फिल्मही तितक्याच वेगाने सरकते, म्हणून फिल्मच्या दृष्टीने जमीन जागच्या जागी उभी. अंकलनी ते स्वतः तीनदा करून पाहिलं. एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

ल्यूक गेल्यावर मला रडू फुटलं. "अंकल, का केलंत असं?"

"अगं, शेठ तुला बोलत बसला असता, तू रडत बसली असतीस, आणि तो माणूस निघून गेला असता. मग मी विचारणार कोणाला?"

एप्रिलमध्ये त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर मी सोडायला गेले, तर विमानाचं चाक आत कुठे जातं ते मला समजावत होते. शेठना मी खरं सांगितलं नाही. वडिलांचं औषध डोळ्यांसमोर होतं, आणि भीतीही वाटली. याची मला अजून लाज वाटते.

जूनमध्ये फ्रान्सहून पाकीट आलं, स्टुडिओच्या पत्त्यावर, वर व्हिक्टर असं नाव. मी ते न उघडता नाताळच्या रजेत निर्मळला घेऊन गेले. अंकल ओट्यावर बसून शेजाऱ्याचा रेडिओ दुरुस्त करत होते. पाकिटात त्या विमानाच्या नाकाचा मोठा फोटो होता, खिडकीतली भिंगं दिसतील इतका स्पष्ट. अंकलनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग उलटा केला. मागे इंग्रजीत एकच ओळ होती. "माझा रोल कोरा करणाऱ्या व्यक्तीस, राग न धरता."

त्यांनी ती वाचली आणि फोटो माझ्या हातात दिला.

"घे," म्हणाले. "तुझ्यासाठी आहे."