फॉरमॅट करू का?

माझा धाकटा दीर खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे, आणि संगणकातलं आपल्याला सगळं कळतं हा त्याचा समज आम्हीच लाडाने वाढवलेला आहे. त्या रविवारी तो नारायण पेठेत आमच्या घरी आला तो लॅपटॉप काखोटीला मारूनच. आमचा घरचा संगणक आदल्या आठवड्यात बंद पडला होता. मदरबोर्ड जळलाय, हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे, असं दुकानदाराने सांगितलं होतं. दीर ती डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून आतलं काढून देणार होता. आतलं म्हणजे माझ्या नवऱ्याचा आवाज.

नवऱ्याला घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी तो आतल्या खोलीत माइक घेऊन बसायचा आणि रोजची वाक्यं रेकॉर्ड करायचा. "चहात साखर विसरलीस." "किल्ली घेतलीस का?" "या, बसा. जेवून आलाच असाल." एकेका फाइलमध्ये एकेक वाक्य, म्हणजे पुढे लागेल ते वाजवता येईल. याची अजून एक प्रत कुठेतरी ठेव, म्हणून मी कानीकपाळी ओरडले होते. "लिनक्स आहे, मरत नाही," म्हणाला. सगळी पेठ विंडोज वापरते म्हणून हा शहाणा वापरणार नाही. त्या ऐटीचा मला आजही राग येतो. लिनक्स मेलं नाही हे खरं, पण ते ज्या डब्यात होतं तो डबा जळला.

ऑपरेशननंतर तो पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहून बोलायला लागला. तेव्हा मला माणसं कळली. याचा आवाज गेला होता, कान नव्हे. तरी लोक याच्याशी ओरडून बोलायचे. नाहीतर मग बोलायचेच नाहीत. याच्या डोक्यावरून मला विचारायचे, "यांना चहा चालतो का हो?" तो "चालतो" लिहून पाटी वर करेपर्यंत विषय भाच्याच्या लग्नावर गेलेला असायचा. दारांवरच्या पाट्या उभं राहून चवीने वाचणारं हे शहर, पण समोरच्या माणसाने हातात धरलेली पाटी वाचायला कुणाला सवड नाही.

दिराने डिस्क जोडली. पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"वहिनी, डिस्क ब्लँक दिसतेय," तो म्हणाला. "काहीच नाहीये यात."

"नाही कसं? आवाज आहेत त्यात."

"करप्ट झाली असणार. फॉरमॅट मारतो आणि मग रिकव्हरी चालवून बघू. नेहमीचंच आहे हो हे."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, एवढं मलाही कळत होतं. नवरा शेजारीच बसला होता. त्याने पाटी पुढे सरकवली. 'रिकामी नाही. लिनक्सचा भाग आहे, तुझ्या विंडोजला' एवढंच लिहून झालं होतं.

"हो हो, दादा, बघतोय मी," दीर मोठ्याने म्हणाला. पडद्यावरची नजर त्याने हलवली नाही, आणि बोट 'हो'च्या बटणाकडे नेलं.

मी त्याचं मनगट धरलं. "भाऊजी, हात काढा."

"वहिनी, टेन्शन नका घेऊ, मी रोज..."

"हात काढा म्हटलं ना."

त्याने हात काढला. मला संताप आला होता. आपल्याला वाचता येत नाही, तर समोरचं रिकामं, आणि रिकामं आहे म्हणून पुसून टाकू का, असं वर तोंड करून विचारायचं! मोडी वाचता येत नाही म्हणून जुने कागद रद्दीत घालणारी घरं आमच्या आसपास कमी नाहीत. पण ती निदान हे मोडी आहे एवढं कबूल करतात. या चौकटीला आणि माझ्या दिराला तेवढंही कबूल नव्हतं. ज्याची डिस्क, ज्याचा आवाज, तो हातभर अंतरावर बसून उत्तर लिहीत होता.

"आता तुमचा दादा काय लिहितोय ते मी वाचणार," मी म्हटलं, "आणि तुम्ही तेवढंच करणार."

बावीस वर्षं शाळेत शिकवते मी. त्या आवाजापुढे तो सरळ बसला. ते अर्धं वाक्य वर तसंच ठेवून नवरा खाली लिहीत गेला, मी वाचत गेले. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येईल असं एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं, ते उतरवून घे. आता तो भाग माउंट कर, म्हणजे जोडून दिसेल असा कर. फक्त वाचण्यापुरता. मशीन मधेच मेलंय, तेव्हा त्यावर काही लिहू देऊ नकोस.

"अरे पण कॉपी करायचं तर लिहायला..." दिराने सुरुवात केली.

नवऱ्याने 'फक्त वाचण्यापुरता'च्या खाली रेघ मारली. दिराने मुकाट्याने तसं केलं. लॅपटॉपवर एक नवी ड्राइव्ह उमटली. उघडली, तर आत सगळं जागच्या जागी. त्याने सगळ्या फाइली आधी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. मग सुस्कारा सोडून म्हणाला, "बघा वहिनी, निघालं की नाही? मी म्हणतच होतो, या डिस्कचं काय असतं..."

आणि तो मला डिस्कचं काय असतं ते समजावून सांगायला लागला. मला. पाटीवर मघाचं अर्धं वाक्य तसंच होतं.

नवऱ्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, यादीतून एक फाइल शोधली आणि लावली. खोलीत त्याचा आवाज आला, ऑपरेशनच्या आधीचा, जरा घोगरा.

"थांब. माझं अजून संपलेलं नाही."

आवाज जाण्याच्या आधी, मोजकी वाक्यं निवडताना, त्याला हे वाक्य लागेल हे कळलेलं होतं. आम्हा सगळ्यांना तो एवढं ओळखून होता.

नवऱ्याने पाटी पुसली आणि ते वाक्य पहिल्यापासून लिहायला घेतलं. मार्कर सुकत आला होता, एकेक अक्षर दोनदा गिरवावं लागत होतं. त्याचं लिहून होईपर्यंत दीर बोलला नाही.